आत्याच्या घरी काहीच संपत नाही

आमच्या आत्याच्या घरात आजवर एकही वस्तू संपलेली नाही. मीठ संपलं नाही, तेल संपलं नाही, पूर्वी रॉकेल होतं ते संपलं नाही आणि आता गॅस आहे, तोही संपत नाही. हे ऐकून कोणाला वाटेल की घर मोठं भरलेलं असणार. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, आणि फळीवरचे डबे पुष्कळदा इतके मोकळे की उंदीरसुद्धा तिथं वस्तीला न थांबता शेजारी जातात. पण संपत काहीच नाही. आत्याच्या घरात वस्तू वाढते. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं, कुंकू सरलं तर वाढलं म्हणायचं, दिवा विझवायचा नाही तर वाढवायचा, एवढं आपल्याकडं घरोघर चालतं. वाईट शब्द तोंडावाटे जाऊ नये म्हणून थोरामोठ्यांनी करून ठेवलेली ती सोय आहे. पण आत्याचं समाधान कुंकू-बांगड्यांवर होण्यासारखं नव्हतं. तिनं त्या एका शब्दावर सगळा प्रपंच चालवला. तिची साखर वाढते, काडेपेटी वाढते, बॅटरीचे सेल वाढतात, चपलेचा अंगठा वाढतो आणि उन्हाळ्यात गावची विहीरसुद्धा वाढते. नवखा माणूस मे महिन्यात तिच्याकडं गेला तर या गावात पूर आलाय की काय, असं त्याला वाटावं.

यामागं तिचं एक शास्त्र आहे. घराची वास्तू दिवसभर 'तथास्तु, तथास्तु' म्हणत बसलेली असते. आपलं बोलणं आणि तिचं तथास्तु कधी एका वेळेला पडेल याचा नेम नाही, म्हणून माणसानं छपराखाली तोंड सांभाळून बोलावं, असं ते शास्त्र. पुरावा मागितला की ती शेजारच्या तात्यांचं उदाहरण देते. तात्या एकदा घरात बसून वैतागानं म्हणाले, "जळू दे ती मोटार एकदाची," आणि संध्याकाळी त्यांची विहिरीवरची मोटार जळली. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या आमच्या कोरड्या टापूत व्होल्टेजच्या कृपेनं कोणाची ना कोणाची मोटार सारखी जळतच असते, हे मी तिला समजावून पाहिलं. ती म्हणाली, "मग समदेच घरात बसून तसं बोलत असत्याल."

तिच्या दारातून 'जातो' म्हणून कोणाला बाहेर पडता येत नाही. 'येतो' म्हणायचं. हेही काही नवं नाही. पण गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत फिरणारा एक माणूस सायकलवर टांग टाकताना "जातो मावशी" म्हणाला, तेव्हा आत्या वेशीपर्यंत त्याच्या मागं गेली, त्याला परत आणलं, ओट्यावर बसवलं आणि "येतो" म्हणवून घेऊन मगच सोडलं. त्या सज्जनाला ते आमंत्रण वाटलं. तो अधूनमधून येऊ लागला, आणि शेगडी धडधाकट असताना नुसता चहा पिऊन "येतो" म्हणून जाऊ लागला. मोबाईलची तऱ्हा तीच. आत्याची एकुलती लेक कोल्हारला दिली आहे. एकदा आत्यानं शेजारणीच्या फोनवरून तिच्याकडं निरोप ठेवला, "माझा ब्यालन्स वाढलाय." निरोप लागला जावयाच्या हाती. तो भला माणूस खूश झाला की सासूबाईंचा रिचार्ज कोणीतरी परस्पर मारला. मग कितीतरी दिवस आत्याचा फोन मुका आणि कोल्हारला माझ्या आतेबहिणीच्या जिवाला घोर. शेवटी मला तालुक्याहून मोटारसायकल काढून जाऊन बघून यावं लागलं.

असं बघून यायचं काम माझ्याकडंच असतं. तालुक्याच्या गावी माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि दुकानात एक झेरॉक्सचं मशीन आहे. घरचे म्हणतात की त्या दोघांत आधी मी तापतो. ते खरं आहे. पण आत्यावर तापण्यात अर्थ नसतो. मी अंगणात गाडी लावली की ती चुलीपुढून मान वळवते आणि म्हणते, "आलास? वाळलास रं. तोंड बघ कसं एवढंसं झालंय." माझं पोट माझ्याआधी उंबरठा ओलांडतं अशी परिस्थिती असतानाही ती हेच म्हणते. एवढ्या मायेनं खोटं बोलणाऱ्या बाईवर कोण तापेल?

मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिच्या भाषेत ते 'मोठ्या गावाला' गेले. त्यानंतर तिनं निवडण-टिपणावर घर चालवलं. गावातल्या किराणा दुकानांची डाळ, ज्वारी, शेंगदाणे निवडून द्यायचे. तिच्या हातची डाळ डोळे मिटून शिजत टाकावी अशी ख्याती होती. शिवाय तिच्याकडं एक बिनपगारी नोकरी होती. दसरा झाला की आमच्याकडचं निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांकडं निघतं. घरं कुलपात जातात आणि किल्ल्या आत्याकडं. भिंतीवरच्या खिळ्यांना ओळीनं टांगलेल्या त्या किल्ल्या म्हणजे तिची इस्टेट. कोणाचा म्हातारा घरी राहिलाय, कोणाची शेळी व्यायला झालीय, कोणाच्या कणगीत घूस शिरलीय, सगळं पाहणं तिच्याकडं. आणि उन्हाळ्यात माणसं परत आली की प्रत्येकाची किल्ली ती न विचारता हातात ठेवायची.

तर एका दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेलो, तेव्हा ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "डावा डोळा वाढला बाबा." मला वाटलं, सुजला. मी सुजेवरचं औषध आणून दिलं. तिनंही ते मुकाट घातलं. पुढं किराणावाला एकदा माझ्या दुकानी आला आणि संकोचत म्हणाला की हल्ली आत्याच्या डाळीत खडे निघतात, गिऱ्हाईक कुरकुरतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टरांकडं नेलं तर काचबिंदू. डावा डोळा कामातून गेलेला. उजव्याला जपा म्हणाले, थेंब लिहून दिले. उजव्याचं काय म्हणून मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "त्यो झ्याक हाय." डाळ पाठवणं मग किराणावाल्यानं हळूहळू थांबवलं. आत्यानं मला सांगितलं, "निवडायचं काम बी वाढलं."

कोल्हारची बहीण तातडीनं आली. तिचं म्हणणं एकच, आई, आता माझ्याकडं चल. तिकडं काय नाही? प्रवरेचं पाणी, दारात ऊस, सिमेंटचं घर, जावई तर असा की सासूला ताईत करून गळ्यात बांधील. आत्या काही ऐकेना. "जावयाच्या दारात म्हातारपन काढू व्हय? लोकं काय म्हनत्याल?" बहीण म्हणाली, "लोकं तुला भाकर देणारेत का?" हा घाव वर्मी बसला, कारण काम थांबल्यापासून भाकरीचा प्रश्न खरंच होता, आणि आमच्याकडून काही घ्यायचं म्हटलं की आत्याला त्या दिवशी नेमका उपास असायचा. शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, सरकारचा निराधारचा पगार असतो, विधवांना मिळतो पण तो शब्द आत्या कागदावर येऊ देणार नाही, अपंगांनाही मिळतो, तो आत्याला चालू करून घेऊ. स्वतःचं स्वतः खाईल. बहिणीनं विचार केला आणि मुदत घातली. संक्रांतीच्या आत पगार चालू झाला तर राहा इथं. नाही झाला तर तिळगूळ घेऊन टेम्पोच आणते, भांड्यांसकट उचलते. आत्या म्हणाली, "शब्द?" बहीण म्हणाली, "शब्द." त्या दिवसापासून मी हे काम अंगावर घेतलं.

पहिली माशी योजनेच्या नावातच शिंकली. "निराधार म्हंजी?" आत्यानं विचारलं. म्हटलं, ज्याला आधार नाही तो. ती ट्रंकेपाशी गेली, चाचपून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि कार्ड माझ्यापुढं धरलं. "ह्ये काय हाय मग? सरकारनंच दिलंय की आधार. फोटूसकट. आन् निम्म्या गावाच्या किल्ल्या माझ्याकडं, मी कशानं निराधार?" मी पुष्कळ समजावलं. हे नुसतं कागदावरचं नाव आहे, आत्या. ती म्हणाली, "कागूद कुठं ठिवनार? घरातच ना? मग वास्तू वाचंल की." अखेर असं ठरलं की अर्जाची प्रत माझ्या दुकानात राहील. माझ्या दुकानाची वास्तू निराधार झाली तरी तिची हरकत नव्हती.

अर्जाला अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि तो किती टक्क्यांचा आहे यावर सगळं असतं. चाळीसच्या खाली असेल तर पगार नाही. म्हणून आधी तिला तपासणीला जिल्ह्याच्या गावी नेलं. डोळ्यांच्या खोलीबाहेर ही लांब रांग. मी कागदांच्या झेरॉक्स काढायला गेलो. घरचं मशीन सोडून बाहेर पैसे मोजताना माझा जो जळफळाट होतो तो होऊ दिला, आणि परत आलो तर आत्या खोलीतून बाहेर येत होती, चेहरा दहावी पास झाल्यासारखा. "समदं बरोबर सांगितलं," ती म्हणाली. "कुनीकडं त्वांड हाय, वर का खाली, एक बी चुकलं न्हाई. डागदर बघतच राहिलं." अक्षरओळख नसलेल्यांसाठी तिथं भिंतीवर तीन दात्यांच्या फणीसारखी चिन्हं असतात, त्यांची तोंडं कुणीकडं ते सांगायचं असतं. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आत्या, ही पास व्हायची परीक्षा नव्हती. "मग परीक्षा घ्यायचीच कशाला?" ती म्हणाली. दाखल्यावर तीस टक्के आले, एका डोळ्याचे. उजवा डोळा उत्तम, असा त्याचा अर्थ. मला त्यातल्या त्यात बरंच वाटलं, की चला, एक तरी चांगला आहे.

तरीही अर्ज भरला. सेतू केंद्रातल्या बाई म्हणाल्या, भरून तर ठेवा, चौकशी होते. झाली. नव्यानंच नेमणूक झालेला एक तरुण तलाठी स्वतः घरी गेला. असा कामसू माणूस आमच्या वाट्याला यावा हेच आमचं दुर्दैव. त्यानं अदबीनं विचारलं, "आजी, तुमचा तो निवडण्याचा धंदा?" "वाढला बाबा," आत्या म्हणाली. "उत्पन्न?" "त्ये बी वाढलं." "आणि घरातलं धान्य वगैरे?" "समदं वाढलंय, काय सांगू तुला." वर त्याला चहा दिला, आणि कप हातात देताना म्हणाली, "साखर लई न्हाई टाकली, आजच वाढली." बांगड्या वाढतात, दिवा वाढवतात, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक असणार. पण धंदाही वाढतो आणि उत्पन्नही वाढतं हे त्याला कोणी शिकवावं? त्यानं अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं की अर्जदाराचा व्यवसाय वाढला असून उत्पन्नातही वाढ झाल्याचे त्यांनी समक्ष सांगितले. पुढच्या दिवाळीच्या सुमारास अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. कारणं दोन. अपंगत्व पुरेसं नाही आणि उत्पन्न पुरेसं आहे.

मी त्या दिवशी खरोखर तापलो. तडक गावी गेलो आणि आत्यापुढं बसून म्हटलं, "आता फिरून अर्ज करायचा आहे. मी शिकवतो तसं म्हण. डोळा गेला. म्हण." आत्या म्हणाली, "वाढला." "गेला." "वाढला." "उत्पन्न नाही. म्हण." ती हळूच म्हणाली, "तू म्हन की माझ्या वतीनं. तुझं त्वांड कचेरीतलं हाय." मी म्हटलं, सरकारला तुझ्याच तोंडून लागतं. तशी ती कासावीस झाली. "माझ्या घरात मी कदी न्हाई म्हनलं न्हाई रं. तुजं मामा मोठ्या गावाला गेल्ते तवा बी म्हनलं न्हाई. आता ह्या वयात म्हनू?" यावर माझा राग कुठल्या कुठं गेला. मी चहा मागितला. तिनं तो केला, आणि कप माझ्या हातात देताना थोडा सांडला.

मार्गशीर्षात आमच्या तालुक्याला शिबिर लागलं. डॉक्टर आणि कचेरीचे लोक एकाच जागी येणार, दाखलाही फिरून तपासणार आणि नामंजूर अर्जही ऐकणार. मुदत जवळ आली म्हणून कोल्हारची बहीणही आली होती. शिबिराची जागा होती मंगल कार्यालय. लग्नसराईचे दिवस, दुसऱ्याच दिवशी तिथं लग्न होतं. एकीकडं मांडववाले झालर बांधतायत, कोणी थर्माकोलवर नवरा-नवरीची नावं चिकटवतोय, आणि जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं लावून डॉक्टर बसलेले. आमचा नंबर आला. टेबलापाशी एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधीचा दाखला पाहिला आणि विचारलं, "आजी, काय त्रास होतो?" आत्यानं पदर सावरला, झेंडूचा वास आला असावा, आणि म्हणाली, "हितं काय चाललंय? लगीन हाय का?" बहीण म्हणाली, "उद्या हाय, आई." झालं. आत्यानं ओठ घट्ट मिटले. "कुनाच्या तरी लेकीच्या मांडवात असलं बोलू व्हय? माझ्यानं न्हाई व्हायचं." मागची रांग चुळबुळ करू लागली. मी डॉक्टरीणबाईंना घाईघाईनं ते वास्तूचं शास्त्र सांगितलं, त्यातलं निम्मं तरी त्यांना माझ्या घामामुळं पटलं असावं. त्या म्हणाल्या, "मग कुठं बोलणार आजी?" आत्या म्हणाली, "भाईर." कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या उठल्या. सकाळपासून बसून त्यांचीही पाठ धरली असेल, किंवा त्यांच्या घरीही एखादी अशी आजी असेल.

कार्यालयाच्या आवारात एक जुना कडुलिंब आहे. भर दुपार होती, ऊन लख्ख पडलं होतं. आम्ही आत्याला त्याच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. ती मान वर करून मला म्हणाली, "वर काय हाय रं? सावली लागतीय. छप्पर तर न्हाई ना?" मी म्हटलं, "लिंब आहे आत्या." आणि म्हणता म्हणता मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. हातभर अंतरावर त्या झाडाचा बुंधा होता.

"छप्पर न्हाई ना पन?" तिनं पुन्हा विचारलं. "नाही," मी म्हटलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डॉक्टरीणबाईंच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "डावा डोळा गेला, बाई. उजवा बी गेलाय. आधी धूर दिसायचा, आता त्यो बी न्हाई." डॉक्टरीणबाईंनी खिशातली छोटी बॅटरी काढून दोन्ही डोळ्यांवर धरली, बोटं हलवली, पुन्हा दाखला पाहिला. म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही सगळी चिन्हं बरोबर सांगितली होती." "माझ्या म्होरं धा-बारा बाया हुत्या," आत्या म्हणाली. "दार उघडंच हुतं. त्या म्हनायच्या तसं पाठ झालं." चिन्हांची ओळ कानानं वाचणारी ही बाई, आणि गाडीचा आवाज ऐकून मला 'वाळलास' म्हणणारीही हीच. तेवढ्यात कचेरीचे नायबसाहेब फाईल घेऊन झाडाखाली आले, कारण आता निम्मं शिबिर तिथंच लोटलं होतं. त्यांनी विचारलं, "उत्पन्न किती आजी?" आत्या म्हणाली, "न्हाई." "काहीच नाही?" "न्हाई म्हनलं की साहेब एकदा. किती येळा वदवून घेताल?" नायबसाहेबांनी लिहून घेतलं.

मला वाटलं, सुटलो. पण मागं उभी असलेली बहीण पुढं आली, तिच्या डोळ्यांना धार लागलेली. ती आईच्या पायांपाशी बसली आणि म्हणाली, "आता पगार होऊ दे नायतर न होऊ दे. आता मी तुला ठिवीत न्हाई. दोन्ही डोळं गेलं आन् तू चूल पेटवतीस?" तेव्हा मला कळलं की आत्यानं आजवर तोंड का मिटून धरलं होतं. त्यात वास्तू होतीच, पण नुसती वास्तू नव्हती. पगारासाठी खरं बोलावं तर लेक उचलून नेणार, आणि न बोलावं तर पगार नाही म्हणून नेणार. असल्या पेचात ती एकटी किती दिवस बसून होती कोण जाणे. ती लेकीला काही रागं भरली नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "ऐक. माझ्या घरात मला समदं दिसतं. चूल कुठं, रांजन कुठं, उंबरा किती उंच. कुनाची किल्ली कंच्या खिळ्याला, त्ये हाताला ठावं हाय. तितं मी आंधळी न्हाई गं. तुज्याकडं आले की मी आंधळी हुईन." आंधळी हा शब्द आत्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. बहीण तिच्या मांडीत तोंड खुपसून पुष्कळ रडली. मांडववाल्याचा माणूस शिडी घेऊन जाता जाता थांबला आणि मग दुसरीकडून गेला.

नवा दाखला झाला, अर्ज मंजूर झाला. मध्ये आधारला बँकेचं खातं जोडलेलं नाही म्हणून थोडं अडलं, आत्याच्या अंगठ्याच्या रेघा निवडण-टिपणात झिजल्यामुळं मशीन तिला ओळखेना म्हणून आणखी थोडं अडलं, पण संक्रांतीच्या तोंडावर पहिला पगार जमा झाला. बहीण तिळगूळ घेऊन आली, टेम्पो आणला नाही. शब्दाची पक्की आहे, आईवर गेली आहे. आता ती दर महिन्याला चार दिवस येऊन राहते आणि आईला चूल पेटवू देते, फक्त स्वतः दारात पाठमोरी बसते, कारण बघवत नाही. आत्याचं बोलणं झाडाखालून घरात आल्याबरोबर पूर्वपदावर आलं. त्यामुळं "पगार वाढला" असा तिचा फोन आला की पगार संपला, बंद झाला की सरकारनं खरंच वाढवला, हे कळायला मला बँकेत जाऊन यावं लागतं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो मात्र तिला फार आवडतो. सरकारनं विचारलेला हा एकच प्रश्न असा आहे, की ज्याचं उत्तर शुभ आहे. कचेरीत खिडकीपाशी ती मोठ्यानं सांगते, "हाय. हयात हाय," आणि बाकीच्या म्हाताऱ्यांकडूनही तसंच मोठ्यानं वदवून घेते.

शिबिरानंतर मी पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी गाडीचा आवाज ऐकून ती 'वाळलास' म्हणाली नाही. मी जवळ जाऊन बसलो तशी तिनं हात पुढं केला. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, डाळ पसरावी तसा सगळ्या तोंडावरून हात फिरवला आणि डोक्यावर आणून ठेवला. "केस पिकलं का रं तुजं?" तिनं विचारलं. घरात बसलो होतो, वर पत्रा होता, पण मला खोटं बोलवेना. म्हटलं, "पिकले आत्या. बरेचसे." ती माझ्या केसांतून बोटं फिरवत राहिली. म्हणाली, "मला अजून काळंच दिसत्यात." मी म्हटलं, मग तसेच राहू देत. तिनं मान हलवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.